तिसरी पिन

अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. होता वायरमन, पण तोंड उघडलं की शाळाच भरवायचा. "व्होल्टेज म्हणजे नुसता दाब! जमिनीत उतरायला वाट मिळाली की करंट धावतो. त्या वाटेत माणूस आला की संपलाच." बायकोला हे सगळं पाठ झालं होतं. आणि याच शहाण्याने घरच्या वॉशिंग मशीनच्या प्लगची तिसरी, गळका करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची पिन करवतीने उडवली होती. का, तर बोर्डाला दोनच भोकं! दिवसभर लोकांचे बोर्ड बसवणाऱ्याला घरचा एक बदलायचा कंटाळा.

महिनाभर बायको कानीकपाळी ओरडत होती, "अहो, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात." शेवटी एकदा तो कामावरच्या जाड रबरी चपला घालूनच बाथरूममध्ये शिरला आणि चालू मशीनवर पंजा ठेवून उभा राहिला.

"आई, बघ गं. मला काही होतंय का? तुझ्या सुनेचीच वायर लूज आहे."

सासूबाई पोट धरून हसल्या. "कामाचा आळस, दुसरं काय!" मग येईल त्या पाहुण्यासमोर हाच विनोद. बायकोच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिने मुकाट्याने स्वतःला रबरी चपला आणल्या.

एके सकाळी सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. "सर बाजूला. बघते मला कशी चावते तुझी मशीन!" आणि निघाल्या अनवाणीच, ओल्या फरशीवरून. बायको दारातच होती. 'आई, चपला घाला', एवढंच तर म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ते पाहुण्यांसमोरचं खिदळणं आठवलं आणि तिने तोंड मिटलं. बसू दे एक झटका, म्हणजे कळेल.

झटक्यावर भागलं नाही. सासूबाई मशीनला चिकटल्या त्या चिकटल्याच. तिने धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

"हार्ट," मास्तर जमलेल्या नातेवाइकांना सांगत होता. "मशीन मी तपासली. ठणठणीत आहे."

"मशीननेच मारलं त्यांना," बायको म्हणाली.

"तू गप बस!"

"मग लावा हात सगळ्यांसमोर. चपला काढून."

त्याने ताडकन बाथरूममध्ये शिरून मशीन चालू केली. एक चप्पल काढली. पाय फरशीला टेकणार, तोच त्याने तो पुन्हा चपलेत घातला.

"खाली ओलं आहे," तो पुटपुटला.

त्याची बहीण बाहेर आईच्या उशाशी बसली होती, ती उठून दारात आली.

"दादा, म्हणजे तुला माहीत होतं?"

त्याने मशीन बंद केली. मग तिने वहिनीचे हात हातात घेतले आणि ढसाढसा रडली. "वहिनी, एकट्या तुम्हीच सांगत होतात. कुणी ऐकलं नाही तुमचं."

वहिनीने तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.