वाक्य स्वतःचं हवं

मुक्याला या व्यवहारात मिळणार होती एक खुर्ची. पगारात फारसा फरक नव्हता. फरक होता तो खुर्ची कुठे ठेवली आहे यात. लॅबच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून तो कवळ्या बनवायचा आणि समोर असायचे प्लॅस्टरचे जबडे. पुढच्या खोलीतली खुर्ची माणसांसमोर होती. तिथे दाताचे डॉक्टर यायचे, कवळी टोचते म्हणून भांडणारे म्हातारे यायचे, आपले खरे दात किती सुंदर होते ते सांगणाऱ्या बायका यायच्या. अर्ध्या गावाच्या तोंडात मुक्याचं काम होतं, पण त्यातल्या एकाही तोंडाने त्याला कधी 'काय, कसं काय?' विचारलं नव्हतं. बायको गेल्यापासून घरीही तीच तऱ्हा. बोलायला माणूस मिळावं म्हणून त्याला ती खुर्ची हवी होती.

अडचण एवढीच, की लॅब एका परदेशी कंपनीने विकत घेतली होती आणि त्या खुर्चीसाठी मुलाखत इंग्रजीत होणार होती.

ताईला यात काय मिळणार होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही, मी सांगतो. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दुसऱ्या गावात एकटी राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई. 'मुक्या' हे नाव लहानपणी तिनेच पाडलेलं. निवृत्तीनंतर तिचा फोन वाजायचा तो बहुधा कुणाचा तरी नंबर चुकला म्हणून. भावाने "शिकव" म्हटल्यावर रोज संध्याकाळी सातचा फोन पक्का झाला. आढेवेढे घेतले तिने, पण शोभेपुरतेच.

"शब्द नुसते पाठ केलेस तर उद्या विसरशील," तिने बजावलं. "वाक्यात वापर. आणि वाक्य स्वतःचं हवं, खरं हवं. राजा आणि त्याचा घोडा मला नको."

"माझ्यात काय आहे सांगण्यासारखं?"

"ते शब्दाला ठरवू दे."

पहिला शब्द 'इमॅक्युलेट', म्हणजे लख्ख, एक डाग नसलेलं. मुक्याने बरीच जुळवाजुळव केली. इंग्रजीत तो जे म्हणाला त्याचा अर्थ असा: माझं घर इमॅक्युलेट असतं, कारण विस्कटायला कोणी नसतं.

"बरोबर," ताई म्हणाली. "पुढचा."

'इंटरमिनेबल', न संपणारं. रविवारची दुपार इंटरमिनेबल असते, म्हणून मी पुन्हा एकदा दाढी करतो.

"काळ अचूक. पुढचा."

'रेडंडंट', गरजेपेक्षा जास्तीचं. माझ्या पलंगावरची दुसरी उशी रेडंडंट आहे, पण तिचाही अभ्रा मी धुतो.

यावर ताई जरा अडखळली. मग म्हणाली, "'पिलो'चा उच्चार सुधार."

मास्तरकीचा धर्म तिने सोडला नाही. वाक्य तपासायचं, मजकुराला हात लावायचा नाही. मुक्यालाही ते सोयीचं होतं. मराठीत जे सांगताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली असती, ते इंग्रजीत गृहपाठ म्हणून खपून जायचं. जन्मात बोलला नव्हता तेवढा तो त्या काळात बहिणीशी बोलला, आणि बहिणीने त्याला शाबासकी दिली.

एकदा तो म्हणाला, "ताई, मुलाखतीत विचारतात तसं विचार ना. साधे प्रश्न."

"आधी शब्द संपू देत."

"शब्द कधी संपतात होय?"

"म्हणून तर म्हणते, घाई कशाला!"

इथे ताईने हातचं राखलं. मुलाखतीची तालीम झाली की अभ्यास संपला, आणि अभ्यास संपला की सातचा फोन संपला. हा हिशोब तिला शिकवावा लागला नाही.

मुलाखतीला लॅबचे जुने मालक होते आणि कंपनीची मॅडम. मुक्याच्या आधी पॉलिशवाली आत जाऊन आली. कवळ्यांना चकाकी आणणं हे तिचं काम, आणि तिचं इंग्रजी म्हणजे 'यस', 'नो' आणि खळखळून हसणं. बाहेर येताना म्हणाली, "दादा, काही कळलं नाही बघा. पण मॅडम गोड आहे."

मॅडमने मुक्याला पहिलाच प्रश्न केला: स्वतःबद्दल सांगा.

मुक्याला हायसं वाटलं. दुसरी कसली तयारी त्याने केली होती? त्याने घर सांगितलं, रविवार सांगितला, उशी सांगितली. कुठे अडखळला नाही. मॅडमने पेन खाली ठेवलं, मालक छताकडे पाहू लागले. आपल्या इंग्रजीने ही मंडळी दिपली, असं समजून मुक्याने ठेवणीतला 'डेसोलेट', म्हणजे उजाड, हाही शब्द काढला आणि त्यात स्टुलासकट स्वतःला बसवलं.

"अहो, इंग्रजी म्हणजे काय इंग्रजी!" मालकांनी नंतर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काय आहे, पुढे बसणारा माणूस जरा हसरा लागतो. लोक आधीच दात गमावून आलेले असतात. आता कंपनीची इंग्रजी पत्रं मात्र तुम्हीच लिहायची हं. मागेच बसा, दार लावून घेत जा. शांतता लागेल तुम्हाला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सातला फोन लागला.

"काय विचारलं रे?"

"स्वतःबद्दल सांगा म्हणाले."

"आणि तू?"

"तू बरोबर म्हणालेली सगळी वाक्यं सांगितली."

"सगळी?"

"काही चुकलं का त्यात, ताई?"

"वाक्यं बरोबरच होती. मीच मेली नुसतं बरोबर, बरोबर म्हणत बसले."

"असू दे. पुढचा शब्द दे. खुर्ची नाही मिळाली, पण कंपनीची पत्रं लिहायची आहेत."

"आज शब्द नको. असंच बोल. कसा आहेस?"

असंच बोलायची सवय दोघांपैकी कुणालाच नव्हती. "बरा आहे," मुक्या म्हणाला.

"जेवलास?"

"जेवेन."

"ती उशी..." ताईने सुरुवात केली आणि सोडून दिली. "बरं, ठेवते."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शब्द द्यायला तिचं मन धजेना, आणि शब्दाच्या आडोशाशिवाय बोलायला त्याला लाज वाटे. फोन आखडत गेला, मग दिवसाआड झाला, मग काही काम निघालं तर.

आता जमाखर्च. पॉलिशवालीला खुर्ची मिळाली, तीही हसत. कंपनीला पत्रलेखक फुकट मिळाला. मुक्याच्या हाती शब्द राहिले. ते तो मागच्या खोलीत, उशिरा पोचलेल्या मालाच्या दिलगिरीत खर्च करतो. सर्वांत मोठी रक्कम भरली ताईने. फोन टिकावा म्हणून तिने तालीम टाळली होती; भावाची खुर्ची तर हुकलीच, आणि फोनही गेला. पावती मागायला दोघांपैकी कोणी गेलं नाही.