कोपरापर्यंत हात

अनंतराव ग्रेडर म्हणजे चुडाव्याकडच्या कापूस खरेदी केंद्रावरचं मोठं प्रस्थ. वर पांढराशुभ्र कापूस पसरून खाली ओली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, दडवणारा शेतकरी त्यांना चालीवरूनच ओळखू यायचा. बाही सारून ते कोपरापर्यंत हात कापसाच्या बैलगाडीत खुपसायचे आणि पिवळा बोळा उपसून सगळ्यांना दाखवायचे. मळकट गाडीला मात्र हातसुद्धा लावायचे नाहीत. लांबूनच ओरडायचे, "तिसरी!"

अशीच लांबून त्यांनी लेकीच्या शिक्षणालाही तिसरी ग्रेड दिली होती. सुमंगला हैदराबादला ताऱ्यांवर पीएच.डी. करत होती. चौऱ्याऐंशीची दिवाळी सरली तसं त्यांनी फर्मान काढलं, "बस झालं. दत्तराव ठेकेदाराचा पोरगा तुला बघायला येतोय. पांढरी सफारी घालतो, देखणा हाय." आणि तिचं हैदराबादला परतायचं, संध्याकाळच्या रेल्वेचं तिकीट स्वतःच्या खिशात घातलं.

सुमंगला त्यांचीच लेक. आलेखांची गुंडाळी घेऊन ती थेट केंद्रावर गेली.

"इथं काय करायलीस?"

"नाना, ह्याची ग्रेड सांगा." तिनं कागद पसरला. "साध्या उजेडात हा तारा पिवळा, थंड, मामुली. असले ढिगानं असतात. पण उपग्रहावरनं अतिनील उजेडात त्याचा वर्णपट घेतला. थंड ताऱ्याची रेघ डावीकडं खाली बसायला पाहिजे."

अनंतरावांनी चष्मा पुसला. रेघ डावीकडं चढतच गेली होती.

"बसंना की ही. लबाडी हाय!"

"लबाडी नाही. पिवळ्याच्या आड एक इवलासा निळा तारा आहे, त्याच्या सहापट तापलेला. अतिनील म्हंजे तुमचा कोपरापर्यंतचा हात, नाना."

"म्हंजे वर कवडी अन् आत अव्वल माल?" अनंतराव हरखले. "उलटीच भेसळ! पण असं कुठं असतंय व्हय?"

"सायेब, सकाळपासून म्या तेच सांगायलेय," मागून बायनाबाई म्हणाली. तिच्या मळक्या गाडीला त्यांनी सकाळीच 'तिसरी' ठोकली होती. तेव्हापासून ती बैलांजवळ ठाण मांडून होती. "वाटंत वर धूळ बसली. हात तर घाला."

रांग खुसुखुसू हसली. अनंतरावांनी जन्मात पहिल्यांदा मळक्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला. मुठीत आला तो लांब धाग्याचा, स्वच्छ कापूस. अशा किती गाड्या आपण लांबूनच वाटेला लावल्या असतील, या विचारानं त्यांना भारी लाज वाटली.

"पहिली," ते पुटपुटले.

"मोठ्यानं म्हणा," बायनाबाई म्हणाली.

"पहिली!"

मग त्यांनी खिशातलं तिकीट काढून लेकीच्या हातावर ठेवलं. "आवर. गाडी चुकंल."

"आणि तो ठेकेदाराचा पोरगा?"

अनंतरावांनी बाही आणखी वर सारली. "येऊ दे की. वरून लय पांढरा दिसायलाय. बघतो हात घालून."