दामिनीची बुडी

गोपालला कामाचा कंटाळा कधी आला नाही. अकोल्यातल्या एका दालमिलमध्ये तो फिटर होता आणि तिथल्या मशीन रोज काही ना काही नवीन कुरकुर काढायच्या. कधी बेअरिंग तापायचं, कधी चाळणीचा पट्टा सुटायचा, कधी नुसताच आवाज बदलायचा आणि तो कुठून येतो हे शोधता शोधता दुपार निघून जायची. कंटाळा सुरू व्हायचा तो मिलच्या गेटबाहेर पडल्यावर.

घरी यायचं, पाय धुवायचे, चहा घ्यायचा. मग मोबाइल, मग टीव्ही. दामिनी स्वयंपाकघरातून विचारायची, "भाजी काय करू?" हा म्हणायचा, "कर काही बी." जेवण झालं की कूलरमध्ये पाणी भरायचं आणि झोपायचं. रविवारी बाजार, दाढी, मटण, झोप. झोपेतून उठल्यावर खिडकीत जो पिवळा उजेड असायचा, त्याचं काय करायचं हे त्याला कधीच कळलं नव्हतं. मुलगी आरती घरात होती तोवर निदान रिमोटवरून भांडणं तरी व्हायची. ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि घर एकदम गप्प झालं.

त्याने उपाय केले नाहीत असं नाही. सकाळी फिरायला जाऊन पाहिलं, शेजाऱ्यांकडे कॅरम खेळून पाहिला. दोन्ही सुटलं. दामिनीशी बोलावं, तर ती काय बोलणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे असं त्याला वाटायचं. बावीस वर्षांचा संसार. ती घरीच ब्लाउज शिवायची. तिचं शिवणयंत्र थांबलं की ती आता कंबर धरून उठेल, पाणी पिईल, आणि "ऊन काय पडून राहिलं बाई" म्हणेल, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

एका संध्याकाळी त्याने रिमोट बाजूला टाकला आणि म्हणाला, "मले ना, घरी आलो का कंटाया येते. कशाचा येते तेच समजत नाई."

दामिनी हातातला दोरा सुईत ओवत होती. वर न बघता म्हणाली, "मले बी येते."

गोपाल तिच्याकडे बघतच राहिला. तिलाही कंटाळा येत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे काही विचारावं तोवर तिच्या भावाचा, गोवर्धनचा, फोन आला.

गोवर्धन अंजनगाव सुर्जीजवळ शेती करायचा. त्याचा पानपिंपरीचा मळा होता. औषधात जाणारी ही पिंपरी वेलावर येते, आणि ते वेल फार नाजूक. सावली लागते, ओल लागते. उन्हाळ्यात पाणी तुटलं की माना टाकतात. आणि ऐन एप्रिलात त्याच्या विहिरीत दोराने पाण्याखाली सोडलेली मोटर बंद पडली होती.

"बंद पडली तं वर काढ ना," गोपाल म्हणाला.

"वरच तं येऊन नाई राहिली, भाऊजी. दोर कुठंतरी अडकला. तुमी या एकडाव. तुमाले मशीनीचं समजते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटेच्या गाडीने दोघं निघाले आणि अकोटवरून अंजनगावला पोचले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं.

विहीर मळ्याच्या टोकाला होती. काळ्या दगडाची, रुंद, जुनी. एका अंगाने पायऱ्या उतरत गेलेल्या, आणि जिथे पायऱ्या संपत तिथून पाणी. पाणी बरंच खाली गेलेलं असलं तरी विहीर कोरडी नव्हती; ती कधीच कोरडी पडली नाही असं गोवर्धन सांगायचा. वरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे लटकत होते. गोपाल सासरी अनेकदा आला होता, पण विहिरीत डोकावून त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरला. कडेला हिरवं आणि मध्ये थेट काळं असं ते पाणी होतं. त्याला पोहता येत नव्हतं.

पण काम म्हटल्यावर त्याची भीती मागे पडली. त्याने आधी वीज तोडली. खांबावरच्या पेटीतले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले, पेटीला कुलूप लावलं आणि स्टार्टर दाबून खात्री केली. मग कप्पी बांधली, दोर ताणून पाहिला, पाइप हलवून पाहिला. मोटर थोडी वर यायची आणि गच्च थांबायची. आणखी जोर लावला तर पाइप तुटून सगळंच तळाला गेलं असतं.

"वरून नाई होत," कपाळ पुसत तो म्हणाला. "दोर खाली कपारीत घुसला हाय. कोणीतरी बुडी मारून मोकया केला पाहिजे."

गोवर्धन खाली बसला. गावात बुडी मारणारा जो होता तो कामासाठी सुरतेला गेला होता. स्वतः गोवर्धनच्या कानाचा पडदा फाटला होता आणि डॉक्टरांनी त्याला पाण्यात उतरायची सक्त मनाई केली होती. मळ्यातले कडेचे वेल आताच लुळे पडले होते. तो त्यांच्याकडे बघत होता.

"मी जातो," दामिनी म्हणाली.

गोपालला वाटलं, ती गावात कोणाला बोलवायला जाते आहे. पण ती गोवर्धनला म्हणत होती, "तुवा जुना फुलशर्ट दे मले. अन् एक पातळ दोर."

"कुठं जातं?" गोपालने विचारलं.

"इहिरीत. अजून कुठं?"

गोपाल हसला. मग कोणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. गोवर्धन उठून शर्ट आणायला निघालाही होता. सासूबाई, माणिकबाई, बाभळीखाली बसल्या होत्या. त्या आता लेकीला अडवतील म्हणून तो त्यांच्याकडे वळला.

माणिकबाई म्हणाल्या, "केस आवयून बांध. आनि घाई करू नको. श्वास पुरेना असं वाटलं का सोडून वर येजो."

"आई, हिले पोहता येते?"

माणिकबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, जणू त्याने पोरीला चालता येतं का असं विचारलं. "ह्याच इहिरीत शिकली ते. पाठीले रिकामा डबा बांधून बापानं टाकली होती. मंग डबा सुटला, पन हे काही बाहेर निघे ना. कोनाची कयशी पडली, कोनाची बालटी पडली, का लोक दामीले बोलवाले येत. लग्न ठरलं तवा बंद झालं."

दामिनी पायऱ्या उतरू लागली. सलवारचे पाय तिने घोट्याशी बांधले होते, भावाचा शर्ट कमरेला खोचला होता. पातळ दोराचं एक टोक तिच्या कमरेला होतं आणि दुसरं गोपालच्या हातात. "मी दोन झटके देले का ओढा," तिने बजावलं होतं. शेवटच्या पायरीवर ती थांबली. ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं, छातीला लावलं. मग श्वास भरला, आणि आवाजही न करता आत गेली.

गोपालने उडी पाहिली होती ती पोरांची, कालव्यातली, धबाधबा. हे तसं नव्हतं. पाणी फक्त उघडलं आणि मिटलं. उन्हाचा एक तिरपा पट्टा विहिरीत शिरला होता. त्यात क्षणभर ती दिसली. हात अंगाला चिकटलेले, पाय एकत्र, सरळ खाली जाणारी. पांढरा शर्ट आधी हिरवा झाला, मग निळसर, मग दिसेनासा झाला.

विहीर शांत झाली. हातातला दोर मात्र सरकत होता. गोपाल त्या दोराकडे पाहत होता आणि तो बोटांमधून हळूहळू सोडत होता. जी बाई शेजारच्या गल्लीत जायलाही "चला ना संगं" म्हणते, ती आता ह्या दगडाखाली, ह्या काळोखात, एकटी होती. दोर सरकायचा थांबला. त्याला ओढावंसं वाटलं. माणिकबाई मागून म्हणाल्या, "थांबा."

मग बुडबुडे आले. पाठोपाठ दामिनीचं डोकं. तिने तोंडावरून हात फिरवला, श्वास घेतला आणि वर पाहून म्हणाली, "कपारच हाय. दोराले दोन येढे बसले. एक काढला."

"बस झालं, दामिनी. वर ये," गोपाल ओरडला.

"एकच राह्यला." आणि ती पुन्हा गेली.

ह्या वेळी त्याने डोळे हलवले नाहीत. भीती होतीच, पण त्या भीतीबरोबर दुसरंच काही चढत होतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर बोलणं आपोआप बारीक होतं, तसं काहीतरी. बावीस वर्षं जिच्या हातचा चहा तो टीव्हीकडे बघत प्यायला होता, तिच्या अंगात हे सगळं होतं. श्वास कोंडून धरायची ताकद, काळोखात बोटांनी रस्ता शोधायची अक्कल, आणि पाण्यावरचा हा भरवसा. ते कुठे गेलं नव्हतं. शिवणयंत्रामागे बसून होतं.

मोटरचा जाड दोर एकदम सैल पडला.

"सुटला!" गोवर्धन ओरडला. दामिनी वर आली ती हसत. तिला बाजूला, पायरीवर बसवून दोघांनी कप्पीवरून मोटर ओढली, आणि ती गाळाने माखलेली, गळत, डुलत वर आली.

पुढचं काम गोपालचं होतं. मोटरची जाळी गाळाने बुजली होती, आत खडा जाऊन पंखा अडकला होता. त्याने सगळं खोललं, धुतलं, बसवलं. पण आज पहिल्यांदाच त्याचं लक्ष मशीनवर नव्हतं. विहिरीतून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. दामिनी पुन्हा पाण्यात उतरली होती आणि कोणीही तिला बाहेर बोलवत नव्हतं. स्क्रू पिळता पिळता त्याने वाकून पाहिलं. ती पाण्यावर पाठीवर पडली होती, हात पसरून, डोळे उघडे, नुसती आभाळाकडे बघत. एका बाजूला सुगरण खोप्यात शिरत होती. दामिनीचं तोंड आरतीसारखं दिसत होतं. नाही, आरतीचं तोंड हिच्यासारखं होतं; त्याला ते आज दिसलं.

दुपार कलताना मोटर चालू झाली. पाणी पाटातून मळ्यात शिरलं, गोवर्धन फावडं घेऊन त्याच्यामागे धावला. वाफे भरले तसं त्याने मोटर बंद केली. गोपालने सवयीने पुन्हा फ्यूज काढून खिशात टाकले आणि पायऱ्यांवर येऊन बसला. पाय पाण्यात सोडले.

"इतकी वर्षं सांगतलं नाई तू," तो म्हणाला.

"सांगाले काय होतं? अकोल्यातल्या घरी इहीर कुठं हाय?" दामिनी पायरीला धरून तरंगत होती. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "या ना आत."

"मी? बुडीन ना बावा."

"मी हावो ना."

गोवर्धनने हसत घट्ट झाकणाचा रिकामा डबा आणून दिला. दामिनीने तो नवऱ्याच्या पाठीला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. गोपाल छातीपर्यंत उतरला, मग पायाखालची पायरी संपली आणि त्याच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. पाय खाली शोधत राहिले. खाली काहीच नव्हतं. पण डब्याने त्याला धरलं होतं, आणि दामिनीचा हात त्याच्या बगलेत होता.

"अंग सैल सोडा. पानी उचलते माणसाले. तुमी त्याच्याशी भांडू नका."

हळूहळू त्याचा श्वास जागेवर आला. दामिनी त्याला भिंतीच्या कडेने घेऊन गेली. दगडांमध्ये एक फट होती, पाण्याच्या जरा खाली.

"इथं हात लावा."

त्याने तळवा फटीसमोर धरला. आधी काही कळलं नाही. मग गारवा लागला, बाकीच्या पाण्यापेक्षा कितीतरी थंड. आणि मग धक्का. बारीक, सतत, न थांबणारा. जमिनीच्या आतून कोणीतरी त्याच्या तळव्याला हळूहळू ढकलत होतं.

"काय हाय हे?"

"झरा," दामिनी म्हणाली. "लहान होतो तवा मी रोज इथं हात लावून पाहो. येते का नाई येते. येतच राहे."

वर मळा तापला होता, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता, आणि इथे दगडाच्या फटीतून, कोणी पाहो न पाहो, पाणी येत होतं. सातपुड्याकडून येत असेल, कुठून येत असेल. किती वर्षांपासून, कोणास ठाऊक. आवाज कुठून येतो हे शोधण्यात गोपालचं आयुष्य गेलं होतं. ह्याचा तर आवाजही नव्हता. त्याने हात तिथेच ठेवला. दामिनीने तिचा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला आणि दोघं तसेच तरंगत राहिले. वरून माणिकबाई चहा झाला म्हणून हाका मारत होत्या.

परतीच्या गाडीत गोपाल खिडकीपाशी बसला, पण बाहेर त्याने एकदाही पाहिलं नाही.

"खाली दिसते का काही?" त्याने विचारलं.

"दिसत नाई. पन समजते."

"कसं समजते?"

दामिनीचे केस अजून ओले होते. ती सांगू लागली. पाणी थरांनी कसं थंड होत जातं, कान कधी दुखतात आणि मग काय करायचं, एकदा कळशीऐवजी हाताला कासव कसं लागलं होतं. अकोट मागे पडलं. ती सांगत होती, हा विचारत होता, आणि पुढे ती काय सांगणार हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.