चोवीस की सव्वीस

एकोणऐंशी सालच्या जानेवारीतली पंचवीस तारीख. तानबाचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं. सिंदीच्या बाजारात मेथी-पालकाची पाटी बायकोवर सोपवून तो तडक शाळेत घुसला. भांडण होतं एका मार्काचं! त्या एका मार्कापायी त्याची रंभा सामान्यज्ञानाच्या परीक्षेत दुसरी ठरत होती, आणि वर्ध्याच्या स्पर्धेला फक्त पहिला नंबर जाणार होता. पोरगी रात्री जेवली नव्हती.

प्रश्न होता, घटनेवर घटना समितीच्या सभासदांच्या सह्या कधी झाल्या? रंभानं लिहिलं, चोवीस जानेवारी एकोणीसशे पन्नास. काल पेपर परत मिळाले, तर त्यावर ही मोठी लाल फुली.

"अरे तानबा," हेडमास्तर पुंडलिकराव म्हणाले, "सव्वीस जानेवारीले झेंडा काऊन लावतो आपण? त्या दिवशी सह्या झाल्या म्हणूनच ना!"

"त्या दिवशी घटना लागू झाली, सर. सह्या दोन दिस आधीच झाल्या. हे पाहा, वाचनालयाचं पुस्तक हाय."

पानात खुणेला मेथीची काडी होती. पुंडलिकरावांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. आता तरी माणसानं कबूल करावं की नाही? छे!

"असंल. पण निकालावर तिन्ही मास्तरांच्या सह्या होऊन गेल्या. आता काही बदलत नाई."

"निकाल तर उद्याचा हाय ना?"

"जाहीर उद्या होईल. सह्या कालच झाल्या."

"काल तारीख कोणती होती, सर?"

"चोवी..." हेडमास्तर मधेच थांबले. समोरच्या निकालाच्या कागदावर, सह्यांच्या वर, ठळक अक्षरात सव्वीस जानेवारी लिहिलेलं होतं.

"मंग? चोवीसले सह्या झालेला तुमचा सव्वीसचा कागद चालते, अन माह्या पोरीचं उत्तर काऊन नाई चालत?"

पुंडलिकरावांनी घंटी वाजवली आणि शिपायाकरवी त्याला बाहेर काढलं. तानबा तणतणत फाटकाबाहेर आला. कोणाजवळ बोंबलावं?

दुसऱ्या दिवशी झेंडा चढला. निकाल वाचला गेला, पहिला मोतीलाल, दुसरी रंभा. तिनं मान खाली घालून बक्षिसाची वही घेतली. मग हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. दरवर्षीचं वाक्य तोंडावर आलं, "आजच्याच दिवशी घटनेवर सह्या..." ते अडखळले. एकदम आवाज चढवून म्हणाले, "सह्या चोवीस तारखेला झाल्या होत्या. आजच्या दिवशी ती लागू झाली!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून तानबा ताडकन उठला.

"सर, हे माह्या पोरीचं उत्तर हाय! तिचा मार्क द्या!"