शिवकन्येचा अर्ज आणि सात विहिरी

कल्पना करा बरं, पोरांनो. जून निम्मा सरलाय, आभाळ कोरडं ठणठणीत आहे, आणि रविवारी सकाळी तुम्ही उदगीरला निवृत्तीआबांच्या ओसरीवर बसला आहात. आबा म्हणजे तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या अर्जांवर माणसं खडी फोडायच्या कामाला लागली. आपला एकही अर्ज परत आला नाही, असं ते स्वतःच सांगत.

आजचा अर्ज नातीचा होता. शिवकन्येला दुसऱ्या वर्षाला उदगीरचं कॉलेज सोडून नांदेडला जायचं होतं. तिथं भूगर्भशास्त्र होतं, इथं नव्हतं. जागा एकच उरलेली. हा विषय आपल्याला का हवा, ते अर्जात पटवून द्यायचं होतं, आणि अर्ज मंगळवारी तिथं पोचायला हवा होता.

आबा लिहिलेलं वाचू लागले. "तालुका उदगीर, जिल्हा उस्मानाबाद..."

"लातूर, आबा. नवा जिल्हा होऊन दहा महिने झाले."

"हाताची सवय गं. पुढं ऐक. अर्जदार निराधार असून घरात खाणारी तोंडं नऊ..."

"आपण तर चौघं हाव!"

"कोंबड्या धर की."

"आबा!"

"अगं, सायबाच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे."

"मला जमिनीतलं पाणी शिकायचंय. सायबाच्या डोळ्यातलं घेऊन काय करू?"

आबा मिशीत हसले. "मग सांग, तुलाच का घ्यावं?"

"मला लई आवडतं म्हणून."

"आवडतं म्हणून खडीवर बी कुणी घेत नव्हतं. केलंस काय, ते दाव."

आपण काही केलंय, असं शिवकन्येला वाटतच नव्हतं. आबांची नजर मात्र खुंटीवरच्या दोरीकडे गेली. दोरीला वितीवितीवर गाठी, टोकाला दगड.

"दर रविवारी ही घेऊन हिंडतीस. लोक विचारतात, नातीचं विहिरीत काय पडलं?"

"काही न्हाई. पाणी किती खाली गेलं ते मोजते." तिनं लाजत वही पुढं केली.

सात विहिरी, चाळीस रविवार. सिद्रामप्पांच्या विहिरीचं पाणी अकरा गाठी खाली गेलेलं. ओढ्यापलीकडच्या विहिरीचं, दोनच.

"असं का?"

"तेच तर कळंना. म्हणून तर नांदेडला जायचंय."

आबांनी आपला कागद चुरगाळला. "हेच लिही, शहाणे! उगं मला कोंबड्या मोजाय लावल्यास."

ती लिहायला बसली. आबांनी वही चाळली आणि बोट ठेवलं. "हे दोन रविवार मोकळे. अंदाजानं भरून टाक."

"न्हाई. ताप होता मला. मोकळेच राहतील."

"बरं, तापाचं तरी मी लिहितो. मरणाच्या दारातून परत येऊन..."

"नुसतं 'ताप', आबा."

आबांनी सुस्कारा सोडला आणि नुसतं 'ताप' लिहिलं. त्यांच्या जन्मातलं सगळ्यांत छोटं लिखाण तेच असावं.

अर्ज झाला. शिवकन्येनं पुन्हा वाचला, सही केली. मग वहीतला आजचा रिकामा रकाना तिला दिसला. तिनं खुंटीवरची दोरी काढली, वही आबांच्या हातात दिली.

"चला. मी गाठी मोजते, तुम्ही लिहा. पण सांगन तेवढ्याच हं!"

आणि ती सिद्रामप्पांच्या विहिरीकडे निघाली.