काकू एकट्या निघाल्या

काकूंनी गाडीचं दार लावलं, लॉक बसलंय ना ते हँडल ओढून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली आत राहिली होती. नुसती राहिली नव्हती, लावलेली होती, आणि इंजिन आपलं मजेत चालू होतं.

निष्काळजीपणाने झालं असतं तर एक वेळ ठीक होतं. हे झालं ते नको इतक्या काळजीने. टायर बसल्यासारखा वाटला म्हणून काकूंनी चढ लागायच्या आत, फर्निचरच्या दुकानासमोर, गाडी शहाण्यासारखी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बघायला उतरल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी घोकून घेतलं होतं, उतरताना आधी दाराचं बटण खाली, मग हँडल वर धरून दार बंद. बाकीची बॅच हे आठवड्यात विसरली. साठी उलटलेल्या काकू काही विसरल्या नाहीत. टायर मात्र ठणठणीत निघाला.

नशीब एवढंच, की टायरचा फोटो काढायला म्हणून मोबाइल हातात होता. पण फोन कुणाला करणार? दुसरी किल्ली घरी काकांकडे होती. हाक मारली असती तर काका टॅक्सी करून आले असते, एक अक्षर न बोलता किल्ली हातात ठेवली असती, आणि ते न बोललेलं अक्षर काकूंना जन्मभर ऐकावं लागलं असतं.

डोळ्यांमुळे डॉक्टरांनी काकांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हापासून गाडी विकायचं घरात चाललं होतं. मुलानेही बापाची री ओढली. काकूंनी कुणाला न विचारता लायसन काढलं, तेव्हा दोघं हादरले, आणि मग तह झाला. काकूंनी टेकडीपलीकडे ताईकडे एकटीने जाऊन दाखवायचं. धड पोचल्या तर गाडी राहील. वाटेत काही घोळ झाला, तर गिऱ्हाईक संध्याकाळी येणारच होतं. ताईचे गुडघे गेलेले, जिने उतरणं तिला होत नव्हतं. दोघी बहिणी एकमेकींना दिसल्या त्याला वर्ष होत आलं होतं. गाडी गेली की पुढची भेट मुलाच्या सुट्टीवर, आणि मुलाला सुट्टी फक्त तापात मिळायची.

काचेवर रस्त्यावरच्या मदतीचा नंबर चिकटवलेला होता. काकूंनी तो फिरवला. दुकानदाराने त्यांचा उतरलेला चेहरा बघून फुटपाथवर मांडलेल्या सोफ्यावर बसायला सांगितलं. प्लास्टिक न काढलेल्या त्या सोफ्यावर बसून काकू आपल्याच गाडीकडे बघत राहिल्या. मनात एकच होतं, ताई दारात खुर्ची टाकून बसली असेल.

मदतीची व्हॅन आली. तिच्यातून मिशीवाला, पोट सुटलेला मेकॅनिक उतरला. त्याने काकूंकडे बघितलंच नाही, गाडीकडे बघितलं.

"अरे, ही होय!" तो म्हणाला. लग्नात जुना वर्गमित्र भेटावा तसा त्याचा चेहरा खुलला.

"उघडा हो लवकर," काकू म्हणाल्या.

"उघडतो. पण गाडी साहेबांच्या नावावर आहे. आधी त्यांना विचारावं लागेल."

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. "मी बायको आहे त्यांची!"

"असाल ना. पण भांडून निघालेल्या बायकाही बोलावतात आम्हाला. नियम आहे, काय करणार?"

काकूंनी अजिजी केली, डोळे वटारले, पुन्हा अजिजी केली. गडी बधला नाही. त्याने नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून टपावर ठेवला आणि हत्यारांची पिशवी उघडायला घेतली. काकूंनी डोळे मिटले. संपलं सगळं, असंच त्यांना वाटलं.

"नमस्कार साहेब. तुमची गाडी लॉक झालीय, किल्ली आत. उघडू ना?"

"पुन्हा?" पलीकडून काकांचा आवाज आला.

काकूंनी डोळे उघडले.

"हो ना," मेकॅनिक प्रेमाने म्हणाला. "मागे बँकेसमोर झाली होती, मग दवाखान्याबाहेर. लग्नाच्या हॉलवर तर एकाच दिवशी दोनदा, आठवतंय का?"

काकूंना लख्ख आठवलं. भाच्याच्या लग्नात पार्किंग मिळत नाही म्हणून गायब झालेला नवरा पंगती उठल्यावर घामाघूम होऊन उगवला होता. आणि हाच माणूस आजवर सांगत आला होता, गाडीला डोकं लागतं, ते सगळ्यांना नसतं.

"अहो, हळू बोला," काका कुजबुजले. मग एकदम थबकले. "थांबा, गाडी तर हिच्याकडे आहे! ती... ती आहे का तिथे?"

"शेजारीच आहेत. स्पीकरवर आहात तुम्ही."

काकू सोफ्यावरून उठल्या. सावकाश, ऐटीत चालत फोनपाशी आल्या. एवढा आनंद त्यांना लायसन मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

"अहो."

"हं."

"संध्याकाळच्या गिऱ्हाईकाला काय सांगताय?"

"येऊ नका म्हणतो."

"आणि मुलाला?"

"त्याला कशाला काय सांगायचं?" काका काकुळतीला आले.

"बरं, नाही सांगत. गाडी दारात आहे तोवर माझं तोंड बंद. आता यांना हो म्हणा, पेट्रोल जळतंय."

"हो, हो! उघडा लवकर!"

मेकॅनिक मिशीत हसला. त्याने दाराच्या फटीत रबरी पिशवी सरकवली, पंपाने फुगवली, फट रुंदावली तशी लांब सळई आत घालून बटण वर ओढलं. "इथलं रबर आमच्याच हातांनी सैल झालंय," तो म्हणाला. दार उघडलं, आणि दुकानातली सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी मान लववून त्या घेतल्या, पट्टा लावला आणि गाडी चढाला घातली. चढावर एकदाही बंद पडली नाही.

ताई खरोखरच दारात बसली होती. जिना चढून वर आलेल्या काकूंच्या मागे तिने वाकून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"कुणी आणलं तुला?"

"मीच."

ताईने बहिणीचा हात धरला तो सोडेचना. दोघींनी पोटभर गप्पा मारल्या, हसून हसून ताईला ठसका लागला. निघायची वेळ झाली. खाली बघतच ताईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आता परत कधी गं?"

इतकी वर्षं काकू म्हणत आल्या होत्या, बघू, हे कधी म्हणतात ते.

"उद्या येऊ?" काकू म्हणाल्या.