अडखळणाऱ्या मुलाची टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण जन्मभर गाणी वाजवणार. नशिबात आले एक प्राध्यापक. माणसं दहशतवादाकडे का वळतात यावर त्यांचं संशोधन. ते तुरुंगात जाऊन प्रश्न विचारायचे, मी उत्तरं साठवायचो. "हा माझा उजवा हात," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि मला मऊ फडक्याने पुसायचे. मी फुगून जायचो.

एकदा समोर एक कोवळा मुलगा बसला. बॉम्बची पिशवी त्याने पोचवली होती. बोलताना तो अडखळायचा, आईचा विषय निघाला की जास्तच. पुढे तो तुरुंगातच मेला.

मग त्याची आई आली. "सर, फोटो आहे माझ्याकडे. आवाज तेवढा नाही. एकदाच ऐकवा."

"मावशी, नियमात बसत नाही हो. गोपनीय असतं ते," सर हळहळून म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी ती टेप अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात वाजवली. "आ... आ... आई," मुलगा म्हणाला आणि वर्गात खसखस पिकली.

"धमकी द्यायला याला अख्खा दिवस लागत असेल!" एक अधिकारी म्हणाला. सरही हसले. माझा संताप झाला, पण मला विचारतो कोण? संध्याकाळी, काम झालं की टेप पुसायची या नियमावर बोट ठेवून त्यांनी ती पुसून टाकली.

बाई मात्र चिवट. रोज दाराशी येऊन बसू लागल्या. टेप पुसली हे सांगायची सरांना हिंमत होईना. शेवटी त्यांनी बाईंना आत बोलावलं आणि तीच कोरी टेप लावली. माझं यंत्र झिजलेलं, त्यामुळे नुसती खरखर येत राहिली.

बाईंनी मला कान लावला, डोळे मिटले. "श्वास घेतला बघा. बोलायच्या आधी असाच घ्यायचा. थांबा हं, आता बोलेल."

सरांनी खिशातून नवा रेकॉर्डर काढला. "मावशी, काय काय ऐकू येतंय? सावकाश सांगा." पुस्तकातल्या शोकाच्या प्रकरणासाठी त्यांना कुणीतरी हवंच होतं.

पुस्तक छापून झालं, सरांचा सत्कारही झाला. बाई अजून दर आठवड्याला येतात. शिपाई मला त्यांच्यापुढे ठेवून निघून जातो.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतो, टाकू नका, दुरुस्त करा. मला मात्र कुणी दुरुस्त करू नका. खरखर गेली, तर त्या बाईंना ऐकायला काहीच उरणार नाही.